शाळेपुढची पावलं

छावणीच्या रस्त्यावरून मी रोज सकाळी फिरायला जातो. समोरून जवानांची एक तुकडी बूट आपटत, एका ठेक्यात येते. पिवळ्या बैठ्या शाळेचं फाटक जवळ आलं की पुढचा हवालदार नुसता हात वर करतो. ठेका मोडतो. सगळे जण बाजाराला निघाल्यासारखे साधे, हळू चालू लागतात, आणि शाळा मागे पडली की बूट पुन्हा वाजतात.

मुलीला सोडायला आलेल्या एका आईला मी कारण विचारलं.

"ही फौजेतल्या लोकांच्या विशेष मुलांची शाळा आहे, काका," ती म्हणाली. "माझ्या पोरीला मोठा आवाज सोसत नाही, कान दाबून खाली बसते. हिचे बाबा सीमेवर, आणि आमच्या सतत बदल्या. पण जाऊ त्या गावी फौजेच्या अशाच शाळेत हिची जागा आधीच धरलेली असते."

पूल हादरू नये म्हणून फौज पुलावर ठेका मोडते, हे मला ठाऊक होतं. मुलांसाठीही मोडते, हे ठाऊक नव्हतं. जिथं हुकमाशिवाय पापणी हलत नाही, तिथं इतकी हळुवार गोष्ट हुकमात बसवली कुणी, याचं मला अजून नवल वाटतं.

काल तुकडी आली तेव्हा ती मुलगी शाळेच्या खिडकीत उभी होती. हात कानांवर नव्हते, गजांवर होते.

"बाबा," ती म्हणाली.

तिचे बाबा त्यांच्यात नव्हते. पण तिच्यासाठी फौजेचा आवाज एवढाच आहे, पुष्कळ माणसांनी मिळून हळू चालल्याचा.