तळ्याकाठचा पंजा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही, आणि ती माझ्या पोटातलं काहीही काढून घेते. तुम्हाला का सांगतोय, ते मलाच नीट कळलेलं नाही.

महागावात माझं कापडाचं दुकान आहे. दिवाळीची गर्दी ओसरली की भाऊबीजेला मी उत्तरेकडे निघतो, नेरच्या बाजूच्या जंगलात. चार दिवस. तिथे सागाच्या रानात एक तळं आहे आणि तळ्याजवळ बंजाऱ्यांचा तांडा. तांड्यातली सकूबाई माझी मानलेली बहीण. तिला सख्खा भाऊ नाही. एका भाऊबीजेला तिने मला पाटावर बसवून ओवाळलं, तेव्हापासून माझा मुक्काम तिच्याच घरी. दिवसभर मी तळ्याकाठी बसतो. थंडीची पाखरं नुकती उतरू लागलेली असतात. चक्रवाकाची जोडी दिसली की दुकान, गिऱ्हाइकं, सगळं विसरायला होतं.

पण त्याच दिवसांत रानातली सीताफळं डोळे उघडतात, पिकायला येतात. तांड्यातल्या बाया टोपल्या घेऊन येतात, एकमेकींना हाका मारतात, खिदळतात — आणि पाखरं उडून जातात. रान त्यांचं, बायांच्या हाती चार पैसे येतात ते त्या सीताफळांचेच. मी कोण? चार दिवसांचा पाहुणा. तरी मनातून चिडायचो.

त्या वर्षी — पाच-सहा वर्षं झाली असतील — मी चिखलाशी खेळत बसलो होतो. वाघाचा पंजा कसा उमटत असेल, एवढंच कुतूहल. तळहाताची टाच दाबली, वर चार बोटांची टोकं टेकवली. हुबेहूब जमला. तेवढ्यात सकूबाई टोपली घेऊन आली, तिने तो पाहिला आणि जागीच थांबली. मी हसलो असतो तर तिथंच मिटलं असतं. मी चिखलाचा हात पाठीमागे पुसला आणि म्हणालो, रात्रीचाच दिसतो. एकच कसा, तिने विचारलं. बाकीचे पाण्यात गेले असतील, मी म्हणालो. खोटं इतकं तयार कुठून येतं हो?

दुसऱ्या दिवसापासून रानात कुणी फिरकलं नाही. मला तर मोठी गंमत वाटत होती. एकाने डरकाळी ऐकली. दुसऱ्याच्या गोऱ्ह्याने दावं तोडलं, तेही वाघामुळेच. तिसऱ्या दिवशी वाघाची वाघीण झाली आणि तिला दोन पिल्लंही झाली. मी नुसता पंजा दिला होता, बाकीचा वाघ तांड्याने भरून काढला. आणि मजा म्हणजे — मीसुद्धा मधूनच मागे वळून बघू लागलो! पाखरं मात्र अगदी जवळ यायची. सीताफळं झाडावरच फुटत होती, मुंग्या लागत होत्या, तेही मी पाहिलं. वाईट वाटलं का? थोडं. बोललो का? नाही.

सकूबाई रोज विनवायची, तळ्यावर जाऊ नको. मी रोज जायचो. शेवटच्या दिवशी ऊन उतरलं तरी मी उठलो नव्हतो, तेव्हा मागून थाळी वाजल्याचा आवाज आला. ती एकटीच आली होती. काखेत काठी, हातात थाळी, आणि थाळी बडवता बडवता ती सारखी मागे वळून बघत होती.

"एकटा कायले बसून राह्यला, भाऊ? वाघ तुले पाव्हना म्हनून सोडन काय?"

तिची भीती मला दिसत होती. एक वाक्य पुरलं असतं — एकच. आजही दर भाऊबीजेला ती मला ओवाळते, आणि ते वाक्य मी अजून बोललेलो नाही.

पायवाट अरुंद होती. मी तिच्या मागून निघालो, तर तिने दंडाला धरून मला पुढे घातलं.

"तू पुढं चाल. वाघ मांगून येते."

मी पुढे झालो.