तुटलेला भोंगा आणि गोवराचं गाव

ऐका हो ऐका! समस्त वाचकांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, माझे पुढचे दोन दात वयामुळे गेलेले नाहीत. ते चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका तलावाच्या पाळीवर, भरदुपारी, माझ्याच भोंग्यासमोर धारातीर्थी पडले...

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. त्याच जिल्ह्यातल्या मूल गावात आमचं लाऊडस्पीकरचं दुकान. ॲम्प्लिफायरची मशीन आपोआप घरघरली की गिऱ्हाईक घाबरतं, मी अर्थिंग तपासतो.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. सिंदेवाहीकडे ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, गावांत गोवर पसरला होता. नर्सबाई — त्यांना सगळे सिस्टरबाई म्हणत — त्याचा माग काढत होत्या. बायका मासळी घेऊन ज्या बाजारांना जातात, त्याच वाटेनं गोवर सरकतोय, हे त्यांनी हेरलं होतं. त्याच्याआधी पुढचं गाव गाठून पोरांना लस टोचायची, म्हणून माझी जीप, माझा भोंगा आणि मी, तिघांनाही सोबत घेतलं.

पण गोवर आमच्याआधी पोचला होता. गावाच्या तोंडाशी, तलावाच्या पाळीवरच, कडुनिंबाचं तोरण. म्हणजे आत माता, गोवराची देवी, आलेली आहे — घरात फोडणी नाही, भांडण नाही आणि मोठा आवाज तर मुळीच नाही. सिस्टरबाई "रशीदभाऊ, बंद करा!" म्हणेपर्यंत मी रंगात आलो होतो. "माता-भगिनींनोऽऽ" असा जो गरजलो, की त्या मुक्या गावात जणू बॉम्ब फुटला.

पहिला दगड काचेवर. दुसरा माझ्या कानावर. काठ्या, वल्ही घेऊन माणसं धावून आली आणि मला ओढून खाली पाडलं. सगळ्यांत पुढे एक आडदांड गडी.

"पोराले मातीत ठेवून आलो मी! एक पोरगी उरली हाय. काऊन ओरडून राह्यला बे? तिच्यावर बी मातेचा कोप आणतं का?"

आणि वल्हं थेट माझ्या तोंडावर!

मशीन दगडावर आपटून तिचे तुकडे केले, बॅटरी तलावात फेकली, वायर दातांनी तोडावी तशी हिसकून तोडली. भोंगा चिखलात पडला. सिस्टरबाई लशीचा डबा पोटाशी धरून मधे आल्या, तर त्यांच्याही पाठीत काठी बसली.

"मारा मले! पण उरलेल्या पोराइले सुई देऊ द्या रे!"

गड्यानं पुन्हा वल्हं उगारलं... आणि भोंगा बोलला.

"दसरू! चिंगी पाण्यात हाय... बेशरमीच्या झुडपामागं... डोंगा उलटला!"

आवाज माझा. हुबेहूब. आणि माझं तोंड? रक्तानं भरलेलं, त्यातून "या अल्ला"सुद्धा निघत नव्हतं. दसरू कोण, चिंगी कोण, मला काय ठाऊक!

वल्हं हवेतच राहिलं. दसरू तोच होता. चिंगी त्याची उरलेली पोरगी. माझी ती पहिली गर्जना ऐकून त्याची बायको तिला डोंग्यात घालून तलावात लपायला गेली होती, आणि त्याला पत्ताच नव्हता. सगळं गाव पाण्याकडे सुटलं.

बायकोच्या एका हातात काठच्या पाण्यात माजलेल्या बेशरमीची फांदी, दुसऱ्यात चिंगीचे केस. पोरगी निळी पडलेली. दसरूनं तिला उलटी धरून पाठीवर थापा मारल्या — मला हाणलं होतं त्याच जोमानं — तेव्हा ती भडभडा पाणी ओकली आणि असं भोकाड पसरलं, की मातेनंही कान झाकले असतील. आता मोठ्या आवाजाबद्दल कुणी ब्र काढला नाही.

ती कोरडी झाली, हुशारली, तेव्हा दसरूनंच तिचा दंड सिस्टरबाईंपुढे धरला. मागोमाग गावातल्या आया पोरं घेऊन आल्या.

मी भोंगा तपासला. तुटकी वायर लोंबत होती, बस्स. माझा इंजिनियर भाचा म्हणतो, मामू, भोंगा कधीकधी रेडिओ पकडतो. पकडत असेल बुवा! पण रेडिओला चिंगीचं नाव कुणी सांगितलं, आणि माझा आवाज उसना कुणी दिला? आजतागायत कळलेलं नाही.

निघताना दसरू जीपपाशी आला. वाटलं, माफी मागतो. माझ्या सुजलेल्या थोबाडाकडे बघत तो एकदम बोलून गेला —

"बरं झालं भाऊ, मी तुमचं तोंड फोडलं! नाईतर भोंग्यावर बोलाची पाळी कायले आली असती?"