मशिदीच्या कोपऱ्यातला दगड

सुट्टीनंतर आम्ही साइटवर आलो, तर मशिदीच्या पायाजवळ गर्दी जमली होती. कोपऱ्यातल्या एका दगडावर झेंडूचा हार होता, अगरबत्ती जळत होती. इथं देव निघाला, जुनं देऊळ असेल, आता मशीद होणार नाही, असं लोक म्हणत होते.

तो दगड मी ठेवला होता.

मी रेजा आहे. म्हणजे गवंड्याच्या हाताखाली माल कालवणारी, घमेली वाहणारी बाई. आमचे शामराव मिस्त्री पाया खोदण्याआधी कोपऱ्यात एक दगड मांडायला लावतात, आमच्याकडून त्याला कुंकू लावून घेतात आणि स्वतः नारळ फोडतात. कामावर कोणाला लागू नये, एवढ्यासाठी. काम शाळेचं असो की दुकानाचं. इथं त्यांनी रहीमचाचांना आधी विचारलं होतं. हा प्लॉट चाचांनी आणि वस्तीतल्या मुसलमान घरांनी मिळून घेतलेला. चाचा म्हणाले, तुमच्या कामाची पूजा तुम्ही करा, आमची दुआ आम्ही करू. दोन्ही झालं. दगड मी बांधकामाच्या गिट्टीच्या ढिगातून उचलला होता.

परमिशन आलेली होती. पण माता मायच्या देवळाचा रस्ता समोरूनच जातो म्हणून काही लोक आधीपासून नाराज होते. काम थांबलं असतं, तर चाचांच्या लोकांना पुढंही एका दुकानाच्या माळ्यावरच नमाज पढावी लागली असती. तिथला जिना इतका उभा, की म्हातारे घरीच थांबत.

मिस्त्री हळूच म्हणाले, "चूप राह्य बाई. आपल्याले याच गावात काम कराचं आहे."

मला चार माणसांत बोलता येत नाही. मी हार सारखा करणाऱ्या म्हातारीजवळ जाऊन बसले. म्हटलं, "मावशी, हा गिट्टीतला दगड आहे. म्या ठेवला."

"अन् कुकू?"

"मीच लावलं."

"हात जोडले होते का?"

"जोडले."

"मंग झाला ना देव," म्हातारी म्हणाली.

बाजूच्यांनी ते ऐकलं. बंदोबस्ताला आलेल्या पोलिसांनी मला सगळ्यांसमोर पुन्हा सांगायला लावलं. मी खाली बघत सांगितलं. बाई तं त्याईचीच झाली, असं मागून कोणी तरी बोललं. मग मिस्त्रींनीही कबूल केलं, की नारळ त्यांनी फोडला. जुन्या देवळाची गोष्ट तिथंच संपली.

दगड मात्र कोणी उचलेना. मी हात घातला, तर म्हातारीनं माझं मनगट धरलं.

चाचा पुढं आले. मग म्हणाले, "मिस्त्री, तेवढा कोपरा सोडा. भिंत आत घ्या."

त्यांचा मुलगा चिडला. "अब्बा, जागा आपली, परमिशन आपली. गिट्टीच्या दगडासाठी काऊन सोडाचं?"

"जिना चढा नाई लागत आता. बस झालं."

मुलाचं बरोबर होतं, असं मला तेव्हा वाटलं. आजही वाटतं.

मशीद झाली. म्हातारे काठी टेकत येतात, नमाज पढून जातात. एका कोपऱ्यावर भिंत आत वळली आहे, तिथं दगडाला आता ओटा आहे. मंगळवारी बाया पाणी घालतात.

मी अजूनही प्रत्येक साइटवर पूजा करते. फक्त नारळ फुटला, की दगड लगेच पायाच्या खड्ड्यात टाकते आणि वरून काँक्रीट ओतून घेते.