एका शब्दासाठी अडलेला अंक

रणवरे सरांची आणि माझी ओळख भांडणाने झाली. पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात असं लिहू नये म्हणतात, पण खरं तेच आहे.

सर बारामतीतून गेली कित्येक वर्षं एक मराठी षण्मासिक काढतात, तेही सतराव्या शतकातल्या एकाच डच तत्त्वज्ञावर! मी तेव्हा इंदापूरच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होते. कायम नेमणुकीच्या मुलाखतीआधी माझा लेख त्यात छापून यायलाच हवा होता. प्रत्येक वस्तू आपलं असणं टिकवायला धडपडते, हा त्या तत्त्वज्ञाचा विचार. त्या धडपडीला मी मोठ्या ऐटीत 'जिजीविषा' म्हटलं होतं.

सरांचा शिरस्ता असा, की कॉलेजचं तोंड न पाहिलेल्या माणसाला वाचून दाखवल्याशिवाय ते कोणताही लेख छापत नाहीत. माझा लेख त्यांनी निमगाव केतकीच्या पानमळ्यात बसून आपल्या चुलतभावाला, तात्यांना, ऐकवला. तात्यांना सगळं पटलं, तो एक शब्द सोडून. झालं, सरांनी अंकच थांबवला.

मी फोनवर नको नको ते बोलले. दुसऱ्या दिवशी सर स्वतः एसटीने इंदापूरला आले आणि लेख स्वीकारला आहे, उशीर संपादकामुळे होतो आहे, असं प्राचार्यांना लेखी देऊन गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात सर मला त्या मळ्यात घेऊन गेले. कालव्याच्या पाण्याचं आवर्तन लांबलं होतं, पानवेली पार सुकल्या होत्या. मळा गेला का, असं मी विचारलं. तात्यांनी एका वेलीची साल नखाने खरवडून आतला हिरवा रंग दाखवला.

"गेला न्हाय. तग धरून हाय."

सरांनी बांधावरच आपली वही काढून 'तग' लिहून घेतलं. म्हणाले, "बाई, सापडला तुमचा शब्द."

अंक मुलाखतीनंतरच निघाला. पण मुलाखतीत मी त्या वेलीवरच बोलले, आणि माझी नेमणूक झाली. 'जिजीविषा'वर ती झाली नसती, हे मी आज मोकळेपणाने कबूल करते.

सरांच्या वहीत असे अजून पुष्कळ शब्द अडून आहेत. ते सगळे सुटेपर्यंत सरांनी धडधाकट राहावं, एवढंच मागणं. आणि सरांचा चोखंदळपणा पाहता शंभरीच्या आत ते काही सुटत नाहीत.