तकलाकोटला न शिजलेला भात

ज्या बाळकृष्णाला चाळीस वर्षे मी रोज स्वहस्ते नैवेद्य दाखवीत आलो, त्याला तिबेटात नेऊन मी दोन दिवस उपाशी ठेवले. ही गोष्ट मी आजवर कोणाजवळ नीट बोललो नाही. तेव्हा मनात शंका आली होती ती अशी, की कैलासपतीच्या दाराशी येऊन माझी सेवा रुजू होत नाही, म्हणजे त्या सेवेत काहीतरी उणे असावे. उणे होते, हे आज मान्य करतो. परंतु मी ते जिथे शोधत होतो, तिथे ते नव्हते.

आमचे घर पवनीला, वैनगंगेच्या काठी. संस्कृत शिकण्यात आणि शिकवण्यात आयुष्य गेले. स्नानानंतर आपल्याच शेतातल्या चिन्नोर तांदळाचा भात पितळी गंजात शिजवायचा, तो देवाला दाखवायचा आणि मगच अन्नाला हात लावायचा, हा माझा नेम. लग्नकार्ये आली, नदीला पूर आले, मुलीचे बाळंतपण झाले. नेमात खंड पडला नाही, आणि याचा मला सूक्ष्म अभिमानही होता. मानससरोवराची ओढ मात्र माझी नव्हे, माझ्या सहधर्मचारिणीची. त्यासाठी वर्षभर ती नातवाचे जुने बूट घालून रोज सकाळी तलावाच्या पाळीवरून चालत असे. सामान बांधताना तिने विचारले, "छोटा कुकर घेऊ काय?" मी म्हणालो, "देवाचा भात शिट्टीवर होत नसतो." "बरं," ती म्हणाली, "मंग वरतं तुमी जाणा अन् तुमचा देव जाणे."

आमची तुकडी जिल्ह्यातल्याच मंडळींची होती. प्रमुख होते लाखनीचे एक निवृत्त मास्तर. त्यांची ही तिसरी यात्रा. जसजसे वर चढत गेलो, तसतसा प्रत्येक मुक्कामाला भात अधिकाधिक वेळ घेऊ लागला. प्रथम मी चुलीला दोष दिला, नंतर पाण्याला, आणि एकदा तर, हे लिहिताना लाज वाटते, तांदूळ निवडणाऱ्या पत्नीला. सीमा ओलांडून आम्ही तकलाकोटला पोहोचलो, तेव्हा त्या भाताने शिजणे अजिबात सोडून दिले.

बारा-तेरा हजार फुटांवरचे ते गाव. शरीराला विरळ हवेची सवय व्हावी म्हणून तिथे दोन दिवस थांबावे लागते, आणि मंडळी तेवढ्यात गाव पाहून घेतात. खाली कर्णालीचे पात्र, काठाने सातूची हिरवी शेते, पलीकडे उघडे पिवळे डोंगर आणि त्यांच्यावर मांधात्याचे हिमशिखर. घरांच्या गच्च्यांवर रंगीत पताका, बाजारात लोकरीचे गालिचे, पट्ट्यापट्ट्यांचे वस्त्र कमरेला बांधलेल्या स्त्रिया. हे सारे मला पत्नीने सांगितले. मी स्वतः तकलाकोटचे सृष्टिसौंदर्य पाहिले ते गंजाच्या काठावरून. उतरलो होतो त्या घराच्या अंगणात स्टोव्ह मांडून मी सकाळपासून बसलो होतो. पाणी खळखळा उकळत होते, वाफ निघत होती, आणि तासाभराने शीत चेपून पाहावे तर आत खडा तसाच.

मास्तर जवळ येऊन बसले. "गुरुजी, इथलं पाणी नुसतं उकळते, त्याच्यात दमच नाही. हवा पातळ हाये ना. आमच्या कुकरात टाका, चार शिट्ट्यांत होऊन जाईल."

"तुमच्या कुकरात काल अंडी उकडली होती."

"मंग काय झालं? अंडी निघून गेली ना!"

यावर मजजवळ शास्त्राधार होता. पण धाप लागत असल्यामुळे मी तो सांगितला नाही. त्या दिवशी देवाला तुळशीपत्र आणि मनुका दाखवल्या, आणि आम्ही दोघांनीही मनुकांवरच भागवले.

दुसऱ्या दिवशीही तेच झाले. दुपारी पत्नी दोन पायऱ्या चढताना अडखळली आणि भिंतीला टेकून खाली बसली. तिचा चेहरा राखेसारखा दिसत होता. मास्तरांनी मला बाजूला नेले. या वेळी त्यांच्या बोलण्यात थट्टा नव्हती. "उद्या सकाळी डॉक्टर सगळ्याइले तपासते. काकूचे पाय असेच लटपटले, तर तो त्याइले इथूनच वापस पाठवीन. तळं एका दिवसाच्या वाटेवर आलं हाये, गुरुजी. हात जोडून सांगतो, देव मनुका खाऊन राहील; काकू नाही राहात."

मी तिच्याजवळ गेलो आणि म्हणालो, "तू मंडळींबरोबर जेवून घे. नेम माझा आहे."

तिने वर पाहिले. "तुमच्या आधी मी कधी जेवली काय? चाळीस वरसं नेम तुमचा एकट्याचाच होता, असं वाटते काय तुमाले?"

चाळीस वर्षे तिचे ताट माझ्या ताटानंतर वाढले जात होते आणि मी त्याला नित्यक्रम समजत होतो. व्रत म्हणून त्याकडे कधी पाहिलेच नव्हते. मी परत गंजाजवळ येऊन बसलो आणि बाळकृष्णासमोर हात जोडले. एकही श्लोक आठवला नाही. "मला भात शिजवता येत नाही, आता तूच पाहा," एवढेच म्हणालो. चमत्कार असा झाला, की पाणी उतू गेले आणि स्टोव्ह विझला.

त्या घरधन्याची वृद्ध आई दोन दिवस समोरच्या पायरीवर प्रार्थनाचक्र फिरवीत बसलेली असे, आणि गावात दुसरी करमणूक नसावी तशी माझ्या स्वयंपाकाकडे पाहत असे. ती उठली. पाटावरच्या बाळकृष्णापुढे वाकली, त्याला निरखून पाहिले, आणि तोंडातले उरलेले दोन-तीन दात दाखवीत हसली. मग आत गेली व लाकडी वाडग्यात भाजलेल्या सातूचे पीठ, लोण्याचा गोळा आणि चहाची किटली घेऊन आली. लोणी घातलेला तो खारट चहा पिठावर ओतून तिने ते बोटांनी मळले, निमुळता उंडा केला, त्याच्या टोकावर लोणी लावले आणि मला न विचारता देवासमोर ठेवला. नंतर तिने बाळकृष्णाच्या हाताकडे बोट दाखवले, माझ्या गंजाकडे पाहून मान हलवली आणि आपल्या भाषेत काहीतरी म्हणाली. अंगणातली तिची माणसे खो खो हसू लागली.

"ती म्हणते," भिंतीपाशी बसलेली माझी पत्नी म्हणाली, "लेकराच्या हातात लोण्याचा गोळा हाये, अन् हा म्हातारा दोन दिवसांपासून त्याले भात भरवून राहिला."

"तुला तिबेटी केव्हापासून समजू लागली?"

"याले कायची भाषा लागते?"

मी मूर्तीकडे पाहिले. रांगणारा बाळ, एक हात टेकलेला, दुसऱ्या हातात लोणी. नवनीतचोराच्या लीला मी विद्यार्थ्यांना अन्वयासह शिकवल्या होत्या. पण ती मूर्ती रोज न्हाऊ घालताना तिच्या हाताकडे पाहून, याला काय आवडत असेल, असा साधा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो त्या बाईला पहिल्या दृष्टीत पडला, आणि तिने लगेच उत्तरही आणून ठेवले.

तरीही माझी बुद्धी स्वस्थ बसेना. भाजलेल्या धान्याला स्पर्शदोष नाही, असा आधार मी शोधून काढला; परंतु त्यात खारट चहा पडला होता, त्यामुळे तो अर्ध्यावरच लंगडा झाला. उरलेला अर्धा जुळवीत होतो, तोवर पत्नीने पदर सावरून नमस्कार केला, प्रसाद उचलला, खाल्ला आणि वाडगा पुढे केला. म्हातारीने आणखी उंडे वळले. मीही खाल्ले. पहिल्या घासाला गोठ्याचा वास आला, दुसऱ्याला मीठ लागले, तिसऱ्यानंतर मी मोजणे सोडले. "गुरुजी, हळू!" मास्तर लांबून ओरडले, "देवासाठी उरू द्या!"

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी दोघांनाही पुढे जाण्याची अनुमती दिली. मास्तरांच्या मते शरीराला हवेची सवय झाली होती आणि पोटात अन्न पडले होते, एवढेच. तसे असेलही, मी वाद घालीत नाही. सरोवराच्या काठी पोहोचल्यावर माझी पत्नी बूट काढून पाण्यापाशी गेली, दोन्ही हात मनगटापर्यंत पाण्यात बुडवून कितीतरी वेळ बसली, आणि मागे न पाहता म्हणाली, "या ना, इथं बसा." मी स्तोत्र काढले होते, ते पिशवीत ठेवले आणि तिच्याजवळ जाऊन बसलो.

त्या वृद्धेचे नाव मला ठाऊक नाही, आणि तिचे आभार मानण्याइतकी तिची भाषाही येत नाही. भगवंताला काय हवे ते मी ठरवायचे, आणि त्यालाच माझी सेवा म्हणायचे, हा माझा भ्रम तिने मूठभर पिठाने उतरवला. परवा आमच्या गल्लीतल्या मासे धरणाऱ्या धिवरांची एक वृद्ध बाई तलावातले शिंगाडे घेऊन आली. दर वर्षी कच्चे आणते, मी धुऊन घेतो. या वर्षी तिने ते आपल्याच भांड्यात उकडून आणले होते. दारात थांबून संकोचाने म्हणाली, "गुरुजी, उकडलेले हायत. चालते काय तुमच्या देवाले?" मी उंबरठ्यावरून बाजूला झालो आणि म्हणालो, "आत ये, बाई. तूच ठेव त्याच्यापुढे."