दोन टनांचा गारवा

नांदेडात उन्हाळ्यात जेवढी म्हणून घरं गार असतात, त्यांतली निम्मी आमच्या घरमालक काकांनी मोजलेली आहेत आणि उरलेली निम्मी चुकून गार आहेत, असं खुद्द काकांचं म्हणणं. पाटबंधारे खात्यात त्यांचा उभा जन्म कालव्यांची मापं घेण्यात गेला. निवृत्तीनंतर कालवे सुटले, टेप काही सुटली नाही. कुणाच्या घरी एसी किंवा कूलर येणार अशी नुसती कुणकुण लागली की काका खिशात टेप आणि कानावर पेन्सिल ठेवून दारात हजर. लांबी, रुंदी, उंची, पश्चिमेची भिंत किती तापते, वर स्लॅब आहे की पत्रे, खिडक्या किती, सगळं वहीत उतरायचं. आणि शेवटी, आवाज जरा खाली आणून, "घरात माणसं किती?" हे ते इतक्या गांभीर्यानं विचारत, की उत्तर देणारा आपली माणसं मनातल्या मनात पुन्हा एकदा मोजून घेई. "माणूस म्हंजे चालती शेगडी हाय. आपल्याला कळत न्हाई, मशीनला कळतंय," असं त्यांचं शास्त्र होतं.

मी देवणीची. नवऱ्याची नोकरी लातूरला आणि माझी नांदेडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात, म्हणून काकांच्या घराचा खालचा मजला भाड्यानं घेतला. पहिल्या भेटीत त्यांनी माझं गाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही. "दुपारी घरात किती जणं असता?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "एकटीच." त्यांनी वहीत एक आकडा लिहिला आणि तो उगाचच दोनदा गिरवला. माझ्या नवऱ्यानं हौसेनं घेऊन दिलेला भला मोठा कूलर टेम्पोतून उतरताना पाहून मात्र त्यांचा तोल गेला. "मॅडम, ही खोली हाय का मंगल कार्यालय? एवढं ओलं वारं या खोलीत मावंल तरी का?" मी मनावर घेतलं नाही. आठ दिवसांत पापड लोळागोळा झाले, तपासायला आणलेल्या उत्तरपत्रिका एकमेकींना चिकटल्या, आणि मी निमूटपणे वर जाऊन काकांना बोलावून आणलं. त्यांनी एका शब्दानंही टोचलं नाही. स्वतःच्या अडगळीतला लहान कूलर काढला, त्यात नवा वाळा भरला, खिडकीत बसवला आणि समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवायला सांगितली.

मुदखेडच्या एका लग्नात ऐन अक्षतांच्या वेळी काका गायब झाले. सापडले ते हॉलच्या भिंतीला टेप लावून उभे असलेले. नवरीच्या वडिलांना वाटलं, पुढच्या लग्नासाठी हॉल बघतायत. त्यांनी कौतुकानं विचारलं, "कुणाचं काढलंय?" काका म्हणाले, "कुणाचं न्हाई. पण तुमचं वऱ्हाड दुप्पट हाय अन् मशिनी निम्म्या. पंगती लवकर उरका." दुसरी पंगत बसेपर्यंत अर्धं वऱ्हाड बाहेर लिंबाच्या झाडाखाली पत्रिकेनं वारा घेत होतं. हिमायतनगरला त्यांच्या साडूंना गुदमरायला लागलं, तेव्हा बायका रडत होत्या, जीप दारात उभी होती. काकांनी आत पाऊल टाकलं आणि आधी खोलीकडे पाहिलं. खिडक्या बंद, दार बंद आणि पुरुषभर उंचीचा कूलर भणभणतोय. त्यांनी सगळं सताड उघडलं, कूलरचं पाणी बंद केलं. थोड्या वेळानं साडू उठून बसले आणि त्यांनी चहा मागितला. काकांनी त्यांना तरीही दवाखान्यात नेलंच, आणि तिथल्या कूलरबद्दल डॉक्टरांनाही चार शब्द सुनावून आले.

या माणसाच्या स्वतःच्या घरात मात्र ना एसी, ना कूलर. वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली, एक टेबलफॅन आणि खांद्यावर ओला टॉवेल. काकू मी यायच्या आधीच गेलेल्या, मुलगा बंगळुरूला. मी एकदा विचारलं, "काका, गावाला गार करता अन् स्वतः काहून असे?" ते वही चाळत म्हणाले, "माझं माप अजून ठरलं न्हाई."

गेल्या मे महिन्यात नात्यातल्या लग्नासाठी मुलगा, सून आणि दोन नातवंडं आली. काकांनी त्याआधी आठ दिवस खपून स्लॅबला चुना मारला होता, दारांना ओले पडदे लावले होते. पण तासाभरात धाकट्या नातीचं तोंड लालबुंद झालं. मुलगा अवघडून म्हणाला, "पप्पा, लेकरांना सोसंना. आम्ही हॉटेलात राहतो, सकाळ-संध्याकाळ येत जाऊ." तीन दिवसांत ते दोनदा आले. काकांनी मला फक्त एवढंच विचारलं, "हॉटेलची खोली केवढी असती हो, मॅडम?"

यंदा मार्चमध्ये त्यांनी एसी घ्यायचं काढलं. सोबतीला मी होते. त्यांना पाहिलं की दुकानदार एरवी आतल्या खोलीत दडायचा. त्या दिवशी सापडला. "काका, एकट्याला दीड टन लई झालं," तो म्हणाला.

"दोन टनांचा दे. पाच जणांचं माप हाय."

गरजेपेक्षा मोठं मशीन घेणाऱ्या साऱ्या गावाला ज्यांनी फैलावर घेतलं, त्यांच्या तोंडून हे ऐकून दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी पंख्यांच्या रांगेकडे पाहत राहिले. हॉलमध्ये बुद्धमूर्तीच्या समोरच्या भिंतीवर एसी बसला, त्याचा फोटो बंगळुरूला गेला. उत्तर आलं : "मस्त, पप्पा! यंदा लेकरांचे क्लास आहेत. बघू."

मग व्हायचं तेच झालं. एका माणसाला दोन टन म्हणजे मशीन घटकेत खोली गार करी आणि बंद पडे. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. बाहेर नांदेड भाजून निघत असताना काका आत स्वेटर घालून, मफलर गुंडाळून बसलेले. एका दुपारी जिन्यातून हाक आली, "मॅडम, रिकाम्या असाल तर जरा वर या. माणसं कमी पडायलीत!"

मी गेले. दुसऱ्या दिवशी समोरचे निवृत्त हेडमास्तर आणि त्यांच्या बाई आल्या. मग कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या मावशी कपड्यांचं गाठोडं आणि विजेची इस्त्रीच घेऊन आल्या, तेव्हा काकांचा आनंद गगनात मावेना. "ही इस्त्री तीन माणसांना भारी हाय!" हेडमास्तर पेपर मोठ्यानं वाचत, बाई त्यांच्या चुका काढत, मावशी इस्त्री फिरवत. काका मधल्या खुर्चीत कान देऊन बसत आणि मशीनची घरघर न तुटता चालली की म्हणत, "बघा, कसं सरळ चालून राहिलंय."

अशाच एका दुपारी मुलाचा फोन आला. "पप्पा, एवढा गलका कसला? कोण आलंय?"

"समदे हायत," काका म्हणाले. मग स्पीकर बंद करून फोन कानाला लावत, "तुम्ही दिवाळीला या की. तवा थंडी असती. तवा काहीच लागत न्हाई."

पलीकडून काय उत्तर आलं ते कळलं नाही. काकांनी "हाव, हाव" केलं आणि फोन पालथा ठेवला.

पाच वाजले तशी हेडमास्तरांची जोडी उठली. मावशींनी गाठोडं बांधलं. काका प्रत्येकाला दारापर्यंत सोडून आले. मीही निघाले. जिन्याच्या चौथ्या पायरीवर असताना वर मशीनची घरघर थांबली. खुर्ची सरकल्याचा, पंखा लावल्याचा, कसलाच आवाज आला नाही. मी थोडा वेळ कठड्याला धरून उभी राहिले आणि परत वर गेले.

"काका, चहा टाकते," मी म्हटलं.

सोफ्यावरची वही उचलून त्यांनी जागा केली. चहा घेत आम्ही बसलो. मशीन सुरू झालं, थोडं चाललं आणि बंद पडलं. त्याला दोन माणसं पुरत नव्हती.