सोळा नंबरवर सांगितलेला खडक

समुद्रावर असताना पनियडिमाच्या तोंडून खरं निघालेलं पूवनतुऱ्यात गेली एकवीस वर्षं कुणी ऐकलं नव्हतं. जमिनीवर माणूस सरळ होता. रविवारी प्रार्थनेला पहिल्या बाकावर बसायचा, मेटिल्डाला, म्हणजे बायकोला घाबरायचा, शेजाऱ्याची जाळी विणून द्यायचा. पण होडी वाळू सोडून लाटेवर चढली की त्याची जीभ पालथी पडायची.

याचं कारण चाळीस वाव, म्हणजे जवळजवळ अडीचशे फूट, पाण्याखाली होतं. तो एक खडक होता. पनियडिमाच्या बापाने, अरुळप्पनने, मरायच्या आदल्या वर्षी त्याला तो दाखवला होता. सकाळच्या स्वच्छ उजेडात चर्चचा मनोरा डोंगराच्या डाव्या खांद्याखाली आला आणि दीपगृह ताडांच्या रांगेत शिरलं की इंजिन बंद करायचं, नांगर टाकायचा. खाली हेकरू आणि तांबोशी हे मासे असे वस्तीला असायचे, की गळ त्यांच्या अंगणात पडायचा. "बायकोलासुद्धा सांगू नकोस," बाप म्हणाला होता. पनियडिमाने सांगितलं नाही. जीपीएसही घेतलं नाही. यंत्राच्या पोटात जागा राहते आणि यंत्र कुणीही उघडून बघतं, असं त्याचं म्हणणं. डोंगर आणि मनोरा डोक्यात ठेवले की डोकं कुणी उघडत नाही. "आणि उघडलं तरी," तो नंतर स्वतःच सांगायचा, "आत बघण्यासारखं काय होतं, ते त्या गुरुवारी सगळ्यांनी बघितलंच."

वायरलेस मात्र त्याच्याकडे होता. हातात मावणारा, पिवळा, पाण्याने बिघडू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत रबर लावून ठेवलेला. गावात पहिल्यांदा वायरलेस वाटले तेव्हा चर्चच्या हॉलमध्ये बाकीच्यांना शिकवायला पनियडिमाच उभा राहिला होता. "बटण दाबा. मनात एक म्हणा. मग तोंड उघडा. बोलून झालं की बटण सोडा, नाहीतर समोरच्याचं ऐकू येणार नाही आणि सगळ्या समुद्राला तुमचं ऐकावं लागेल. संकट आलं तर सोळा नंबर. आपण कुठं आहोत ते आधी सांगायचं, रडायचं नंतर." लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

शिकवताना एक गोष्ट त्याने सांगितली नव्हती. वायरलेसची ताकद कमी-जास्त करता येते. कमी ठेवली तर बॅटरी वाचते आणि आवाज मैल-दीड मैलापुढे जात नाही. पनियडिमा ती कायम कमीवर ठेवायचा. खोटं बोलायचं ते तरी कमी लोकांनी ऐकावं, एवढी लाज त्याला होती.

रोज सकाळी आठ नंबरवर गप्पा चालायच्या. सगळ्या गावाला ठाऊक असलेल्या थोरल्या खडकाला जाता जाता जवळून जाणारा दासय्यन विचारायचा, "पनियडिमा, कुठं रे तू?"

"उत्तरेला आहे अण्णा."

"काय लागतंय?"

"काही नाही. पाणी खारट आहे एवढं कळलं."

तेवढ्यात होडीत सात किलोचा हेकरू शेपूट आपटायचा आणि पनियडिमा घाईघाईने बटण सोडायचा.

त्या गुरुवारी होडीत त्याच्यासोबत मेव्हणा होता, मेटिल्डाचा थोरला भाऊ बेंजिगर. माणूस कमी बोलणारा, पण जे बोलेल ते दिवसभर टोचणारं. अकराच्या सुमाराला परतायचं म्हणून पनियडिमाने इंजिन सुरू केलं, तर पात्यात कुणाचं तरी वाहून आलेलं जाळं अडकलं. जाळं कापून काढलं. पुन्हा सुरू केलं तर आतून जात्यात दगड दळल्यासारखा आवाज आला आणि पातं फिरेना. दुसरं इंजिन दुरुस्तीला किनाऱ्यावर पडलेलं.

"दाजी, वायरलेस काढा," बेंजिगर म्हणाला.

पनियडिमाने पिशवीला हात घातला आणि तसाच थांबला. होडी खडकावर नांगरलेली. बोलवायचं म्हणजे जागा सांगायची. येणारा येणार, होडीला दोर बांधणार आणि त्याच्या यंत्राच्या पोटात खडकाची खूण कायमची राहणार. पुढच्या रविवारपर्यंत इथे जत्रा.

"नांगर ओढ," तो म्हणाला.

"काय?"

"नांगर वर घे. थोडं वाहत जाऊ. खडकापासून लांब गेलो की हाक मारू."

बेंजिगरने त्याच्याकडे, मग पाण्याकडे, मग पुन्हा त्याच्याकडे पाहिलं. "घराला आग लागली की तुम्ही आधी घर दुसरीकडे न्याल, मग बंब बोलवाल."

"होडी माझी आहे."

"होडी तुमची. जीव माझापण आहे. मेटिल्डाला काय सांगू तेवढं आत्ताच ठरवून ठेवा."

नांगर वर आला. पनियडिमाला त्या वेळी आपण फार हुशार आहोत असं वाटलं होतं. हुशारीची ही ऊब त्याला साधारण चाळीस मिनिटं पुरली.

मग वायव्येचं वारं उठलं. प्रवाह दक्षिणेला होताच, आता वारंही पाठीवर बसलं. उन्हाची धुरकट साय समुद्रावर धरली आणि डोंगर, मनोरा, दीपगृह सगळं पुसून गेलं. पनियडिमाने नांगर पुन्हा टाकून बघितला. दोर संपला, तळ लागला नाही. दक्षिणेला मोठ्या जहाजांची वाट होती. लांब एक जहाज धूर सोडत चाललेलं दिसत होतं, पाच मजली इमारत चालावी तसं. त्याच्या वरच्या माणसाला ही होडी म्हणजे पाण्यावरचा ताडाचा झाप. आणि अंधार पडल्यावर तोही दिसणार नव्हता.

त्याने पिशवीतला वायरलेस सोळावर लावला आणि बोलायला लागला. कुणी उत्तर दिलं नाही. पुन्हा बोलला. नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर चढून, हात उंच करून बोलला. पाऊण तास त्याने समुद्राला हाका मारल्या.

बेंजिगर उकडलेला कप्पा, म्हणजे टॅपिओकाचा कंद, खात बसला होता. "दाजी, तुम्ही हॉलमध्ये शिकवलंत तेव्हा मी मागच्या रांगेत होतो. आधी बटण दाबायचं असं सांगितलेलं."

पनियडिमाने बोटाकडे पाहिलं. बटण दाबलेलं होतं. मग त्याची नजर काचेवरच्या बारीक खुणेवर गेली. ताकद कमीवर. एकवीस वर्षांची लाज बरोबर त्या जागेवर बसलेली. त्याने ताकद वाढवली, बटण दाबलं, मनात एक म्हटलं.

"सोळावर कुणी आहे का? पनियडिमा बोलतोय. इंजिन गेलंय. दोघं आहोत."

खरखर झाली आणि दासय्यनचा आवाज आला. त्याची होडी मोठी, काठीवर उंच एरियल. "ऐकतोय. कुठं आहेस?"

"थोरल्या खडकाच्या उत्तरेला, तीन मैल," पनियडिमा म्हणाला.

हे त्याने ठरवून सांगितलं नव्हतं. कुठं आहेस, असा प्रश्न आला की जीभ आपोआप उत्तरेला जायची, जसा बैल गोठ्याकडे. त्याचं त्यालाच वाक्य ऐकू आलं तेव्हा ते हवेत गेलेलं होतं.

"निघालो. उत्तरेला तीन," दासय्यन म्हणाला.

बेंजिगरने कप्प्याचं पान बाजूला ठेवलं. "आपण उत्तरेला आहोत?"

"नाही."

"मग तो कुणाला आणायला चाललाय?"

पनियडिमा वायरलेस हातात धरून बसला. सोळा नंबर म्हणजे सगळ्यांचा कान. पूवनतुऱ्याच्या तीस-एक होड्या, शेजारच्या गावांच्या तेवढ्याच. आपण आत्ता नेमके कुठं आहोत हे त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं. कुठून वाहायला लागलो ती एकच जागा ठाऊक होती. ती सांगितली तरच दासय्यनला हिशोब करून शोधता येणार होतं. तीच न सांगण्यासाठी नांगर उचलला होता.

बेंजिगर या वेळी टोचून बोलला नाही. नुसता म्हणाला, "दाजी, तीन वाजलेत."

पनियडिमाने बटण दाबलं.

"अण्णा, मघाशी सांगितलं ते खोटं होतं."

"कुठलं? इंजिन?"

"उत्तर. थोरल्या खडकापासून दक्षिणेला तीन मैल, किंचित पश्चिमेला. तिथं चाळीस वावांवर खडक आहे. मी तिथूनच वाहायला लागलो. तीन तासांहून जास्त झाले. दक्षिणेला वाहतोय."

 मग दासय्यन म्हणाला, "इंजिन तिथं गेलं?"

"हो."

"खडकावर? मग नांगर नव्हता?"

"होता."

"तुटला?"

पनियडिमाने बटण दाबलं आणि त्याला शब्द सापडेना. बटण सोडलंही नाही. त्यामुळे कुणालाच बोलता येईना आणि अख्ख्या समुद्राने त्याचा श्वास, लाटेची चापट आणि बेंजिगरचं खाकरणं ऐकलं.

"उचलला," तो शेवटी म्हणाला. "तुम्हाला खडक कळू नये म्हणून."

बटण सोडल्यावर जे आलं ते हसणं होतं. एकाचं नव्हे, एकावर एक चढून येणारं, खरखरत, तुटक. कुणीतरी म्हणालं, "कबुलीला फादरकडे जायची गरज नाही आता, इथंच मोकळा झाला." दासय्यनने सगळ्यांना गप्प केलं. "चॅनल मोकळा ठेवा. पनियडिमा, बॅटरी जप. दहा-दहा मिनिटांनी नुसतं नाव सांग. आणि या वेळी खरं सांगितलंयस ना?"

"मेटिल्डाची शपथ."

"मग खरं असणार," बेंजिगर पुटपुटला. "तिची खोटी शपथ घ्यायची छाती नाही तुमची."

साडेचारला दासय्यनची निळी होडी दिसली. पनियडिमा नाळेवर उभा राहून शर्ट फिरवत होता. तो फिरवताना मेव्हण्याला आपण रडलेलं दिसू नये एवढी काळजी त्याने घेतली, पण बेंजिगरही तेव्हा दुसरीकडेच बघत होता. दोर बांधताना दासय्यनने एकच विचारलं, "जेवलात का?" खडकाचं नावही काढलं नाही. त्याचीच पनियडिमाला जास्त लाज वाटली.

किनाऱ्यावर पोचायच्या आधी बातमी पोचली होती. मेटिल्डा वाळूत उभी होती. ती भावाला म्हणाली, "तू घरी चल, जेव." नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही उत्तरेला जेवा."

सोमवारी इंजिन दुरुस्त झालं. मंगळवारी सकाळी पनियडिमा खडकावर गेला तेव्हा तिथं सात होड्या नांगरलेल्या होत्या. दासय्यनची त्यात होती. पनियडिमाला परत फिरावंसं वाटलं. पण बेंजिगर नाळेवर बसून नांगराचा दोर आधीच सोडत होता.

वायरलेसवर दासय्यनचा आवाज आला. "पनियडिमा, माझे दोन गळ तुटले. खाली अडकतंय कुठं?"

हे बापाने सांगितलेलं नव्हतं, हे पनियडिमाने स्वतः, एकवीस वर्षांत, शंभरेक गळ घालवून शिकलेलं होतं. कुणी कधी विचारलंच नव्हतं. त्याने बटण दाबलं. "पूर्वेच्या अंगाला कपार आहे अण्णा. तुम्ही तिच्यावरच बसलाय. वीस हात मागं या, दोर जरा आखूड ठेवा. तांबोशी तिथं येते." मग दुसऱ्याने विचारलं, मग तिसऱ्याने. तो सांगत गेला. खडकाची प्रत्येक बोळ त्याला पाठ होती आणि आवाज ताकद वाढवून जात होता.

त्या दिवशी त्याला रोजच्या निम्मे मासे मिळाले. दुपारी मात्र एक हेकरू लागला तो दोघांनी मिळून वर घेतला. आजवर असा मासा आला की त्याने ओठ मिटून घेतले होते. गळ टाकणाऱ्याला मासा मिळाल्याचं सुख असतं, आणि तो सांगितल्याचं दुसरं. हे दुसरं पनियडिमाने एकवीस वर्षं उपाशी ठेवलं होतं.

"आठवर कुणी आहे का? पनियडिमा. मला हेकरू लागलाय. बारा किलो."

"असेल पाच," कुणीतरी म्हणालं.

"त्याने सांगितलं म्हणजे दोन धरा."

पनियडिमाने वायरलेस खाली ठेवला, मासा गालफडात हात घालून उचलला आणि होडीच्या मधोमध उभा राहिला. आधी दासय्यनच्या बाजूला तोंड करून, मग एकेक होडीकडे वळत.

"दाजी, बसा," बेंजिगर म्हणाला, "होडी कलते."

"कलू दे," पनियडिमा म्हणाला. अजून तीन होड्यांना मासा दाखवायचा राहिला होता.